त्रेसष्ट नंबरचा डबा

रोहिणीअक्का सव्वीस वर्षं लोकांच्या शौचाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघत आल्या आहेत. धारवाडच्या त्यांच्या नात्यागोत्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे लग्नकार्यात त्यांना पुऱ्या लाटायला कुणी बसवत नाही. "अक्का, तुम्ही आपल्या अक्षता वाटा," असं गोड बोलून बाजूला काढतात. अक्का हसून अक्षता वाटतात. मला मात्र त्या नातेवाइकांचा भयंकर राग येतो, कारण अक्कांइतके स्वच्छ हात मी दुसरे पाहिलेले नाहीत.

मी नेत्रा. विद्यानगरातल्या आमच्या प्रयोगशाळेत अक्का तंत्रज्ञ आहेत आणि मी पीएच.डी. करते, म्हणजे त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आणि स्वतःच्या मते दुपटीनं शहाणी. माझा विषय ब्लास्टोसिस्टिस, आतड्यातला एक परजीवी. तो पुष्कळांच्या पोटात मुक्काम ठोकून असतो आणि बहुतेकांना काही त्रास देत नाही. अळनावरजवळच्या नव्वद घरांत तो किती जणांत सापडतो आणि त्याचे जनुकीय प्रकार किती, हे मला शोधायचं होतं. घरोघरी प्रत्येकाच्या माहितीचा फॉर्म भरला, नावाची चिठ्ठी लावलेले डबे दिले, दुसऱ्या दिवशी गोळा केले आणि पुढे प्रत्येकाला कन्नडमध्ये छापलेला, शिक्का मारलेला रिपोर्ट पाठवला.

एका घरात सासू आणि सून दोघींचा परजीवी अक्षरशः एकच निघाला. एकाच घरातल्या लागणीचा इतका सुरेख पुरावा मिळाला म्हणून मी नाचायचीच बाकी होते. तक्ता अक्कांना दाखवला. चिठ्ठी काढून मी त्यांना नमुने फक्त नंबरांनी देते, नावं कळत नाहीत. त्यांनी आपली वही काढली.

"एकसष्ट आणि त्रेसष्ट. दोन्हींत सुपारीचा चुरा होता. फॉर्म काढ बघू."

फॉर्म काढले. सासू कौसल्या, सुपारी रोज. सून अनिता, सुपारी नाही. अनिताच्या फॉर्मवर आणखी एक ओळ होती, मीच लिहिलेली आणि मीच विसरलेली: पाच महिने पोट दुखतं, जुलाब होतात.

"हिला आपण काय कळवलं?"

"काळजीचं काही नाही, औषधाची गरज नाही."

अक्कांनी वही मिटली. "उद्या जाऊ."

मी म्हटलं, फोन करू या. "डब्यात कुणाचं काय भरलं हे फोनवर कोण सांगेल गं?" एवढंच त्या बोलल्या.

त्या घरी पोचलो तर अनिता दाराशी उभी होती, नुसती हाडं राहिलेली. आम्ही काही विचारायच्या आत कौसल्याबाईंनी सुरुवात केली.

"रिपोर्ट चांगला आलाय की ओ हिचा. तरी पोट धरून बसती. कामाला चुकारपणा, दुसरं काय? हिच्या आईला कागदच वाचून दाखिवला मी. आता ह्या आठवड्यात आमचा नागेश हिला माहेरी सोडून येतोय. परत कवा आणायचं ते मग बघू."

नवऱ्यानं बायकोला माहेरी नेऊन टाकायचं, ते आमच्या कागदावरून.

अक्कांनी वाद घातला नाही. अनिताला परसात नेलं आणि हळूच विचारलं, "तो डबा तू भरला होतास?"

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "मामंजी समद्यांचे डबे गोळा करत होते. त्यांच्या हातात कसा देऊ ओ अक्का? मी रिकामाच ठेवला."

"मग मीच भरले दोन्ही," मागून कौसल्याबाई म्हणाल्या. "सुनेची लाज राखाय नको? घरचा डबा रिकामा कसा धाडायचा?" त्या खरंच मायेनं बोलत होत्या.

"मग तो रिपोर्ट तुमचा झाला ना," मी म्हटलं.

"नाव हिचं हाय की वर. शिक्का हाय."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. एवढी यंत्रं हाताशी असून मीही चिठ्ठीवरच विश्वास ठेवला होता.

अक्कांनी नवा डबा दिला आणि दोन तास कट्ट्यावर बसून राहिल्या. अनिताच्याच हातून तो घेऊन स्वतःच्या पिशवीत ठेवला. सासरे भीमराव गोठ्यापाशी उभे होते, त्यांना सांगितलं, "निकाल येईपर्यंत पोरीला कुठं धाडू नका."

अनिताच्या पोटात माझा ब्लास्टोसिस्टिस नव्हताच. जिआर्डिया होता, दुसराच परजीवी, आणि तो रग्गड होता. अळनावरच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि दोन आठवड्यांत तिच्या अंगी अन्न लागायला लागलं.

निकाल कळवला तेव्हा कौसल्याबाई फोनवर म्हणाल्या, "आणखी एक कागद द्या अक्का. चूक माझी म्हणून लिवा, शिक्का मारा. हिच्या आईला दाखवायचाय."

अक्कांनी मला बसवून मजकूर सांगितला. पहिला डबा अनिताचा नव्हता. तिचं दुखणं खरं होतं. चूक आमची.

"आमची?" मी पेन थांबवलं.

"सासऱ्याच्या हातून डबा घेतला कुणी? एका बाईला बाजूला घेऊन विचारलं नाही कुणी?"

मी सही केली. खरं सांगायचं तर अक्कांचाही राग आला होता, कारण त्या बरोबर होत्या.

पुढचं अनितानं सांगितलं, तिच्या आईकडून ऐकलेलं. कौसल्याबाई कन्नड शाळेत शिकलेल्या. तो कागद घेऊन त्या एकट्या तिच्या माहेरी गेल्या आणि चारचौघांत, विहिणीसमोर, उभ्यानं वाचला. 'चूक आमची' या शेवटच्या ओळीवर थांबल्या. मग कागदाची घडी घालत म्हणाल्या, "हे त्यांनी मोठ्या मनानं लिवलंय. डबा मी भरला. आणि खोटी तिला म्हटलं."