मी झाडलेला डोंगर

आमच्या जालना जिल्ह्यात, जाफराबादकडं शेत किती पिकलं हे मागून इचारतात, आधी रान किती साफ हाय ते पाहतात. पेरणीच्या आधी धसकटं येचायची, काडीकचरा गोळा करायचा अन् ढीग लावून पेटवून द्यायचा. ह्या कामात माहा हात कोणी धरू शकत नव्हतं. पिकाचं म्हणाल तर शेजाऱ्याचं रान घाण असून त्याला दुप्पट व्हायचं, पण आरशासारखं रान माहंच. शाळेत मी दोन दिवस गेल्तो, तिथंबी मला झाडायलाच लावलं. तेवढं शिक्षण पूर्ण झालं.

एका उन्हाळ्यात आमच्या जवळच्या टेंभुर्णीचा एक मुकादम आम्हाला पार हिमालयाकडं घेऊन गेला. मी, माहा मेव्हणा अन् आणखी आठ जण. काम जंगलाचं. उभा डोंगर अन् त्याच्यावर चिडाची, देवदाराची झाडं, खांबासारखी सरळ. त्यांना आपल्याकडल्यासारखी पानं न्हाईत, सुया असतात. त्या गळून गळून खाली गादी झालेली, पाय ठेवला की घसरणारी. पहिल्या दिवशी मी तो डोंगर दोनदा चढलो अन् सहादा उतरलो, सगळ्या वेळा बसून. पायजम्याची मागची बाजू तिथंच राह्यली.

मुकादमानं काम समजून सांगितलं. वणवा पुढं सरकू नये म्हणून डोंगराला आडवा, बैलगाडी जाईल एवढा पट्टा झाडायचा. "बाकी काडीला हात लावायचा न्हाई," असं म्हणला अन् सामान आणायला खाली बाजाराच्या गावाला गेला, पाच दिवसांसाठी.

डोंगराच्या पायथ्याशी एका म्हातारीचं घर व्हतं. एकटीच राहायची. घरामागं पायऱ्या-पायऱ्यांची तीन वावरं, पंगत बसंल एवढी अरुंद, त्यात राजमा. पोरगा शहरात, तो म्हणायचा घर बंद कर अन् चल. ती म्हणायची, हे तीन तुकडे खायला देतात तवर मी कोणाच्या दारात जाणार न्हाई. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, चहा देता देता. मला घसरताना तिनं पाह्यलं व्हतं, म्हणून चहा.

पट्टा दीड दिवसात झाला. मंग मी वर पाह्यलं, खाली पाह्यलं. म्हातारीच्या वावरावरचा सगळा डोंगर सुयांनी, गवतानं, झुडपांनी भरलेला. माहे हात शिवशिवायला लागले.

"दाजी, मुकादम पट्टाच म्हणला," मेव्हणा म्हणला.

"मुकादमाला काय कळतं? रान कसं ठेवायचं ते इथल्या लोकायला दाखवून देऊ."

"अन् पडला मंग?"

"मी? मी तर रोजच पडून राह्यलो."

"तुम्ही न्हाई. डोंगर."

मी इतका हसलो की ठसका लागला.

तीन दिवस मी दाताळं फिरवलं, गवत मुळासकट उपटलं, झुडपं काढली. माहं पाहून बाकीचेबी लागले, मेव्हण्यासकट. म्हातारी खालून ओरडली, "घास मत उखाड़ रे! जड़ रहने दे!"

"अम्मा, हम किसान है! हमारे जालना में रान आईने जैसा रहता है!"

"तेरे जालना में इतनी ढलान है?"

"है ना! बस स्टँड पे है!"

सगळे हसले. ती हसली न्हाई.

आमच्याकडं काळी माती. कंबरेएवढं खणलं तरी कुदळीला दगड लागत न्हाई. मला वाटायचं माती म्हणजे खाली असतेच, कितीबी. तिथं गवत उपटलं की मुळाला धरून वीतभर माती यायची अन् खाली उघडा खडक दिसायचा. डोळ्यानं दिसत व्हतं. अन् मी म्हणायचो, वा, किती साफ निघून राह्यलं!

मुकादम आला. डोंगराकडं पाहतच राह्यला. शिवीबी दिली न्हाई, तव्हाच मला भ्या वाटलं.

"कचरा कुठंय?"

"जाळला. नाल्यातल्या खडकावर, बराबर पाणी मारून."

तो खालीच बसला. "तो कचरा नव्हता रे. त्याच्यात पाणी थांबतं. मुळ्यांनी माती धरून ठेवलेली असती. आता कोण धरंल, तुहा बाप?"

मंग सगळे धावलो. पडलेल्या फांद्या आणून डोंगराला आडव्या टाकल्या, खुंट्या ठोकल्या, दगडाच्या ओळी लावल्या. म्हातारीबी टोपलीत दगड घेऊन चढली. मी तिची टोपली घ्यायला गेलो तर तिनं दिली न्हाई.

अर्धं काम झालं अन् पाऊस लागला. दोन दिवस.

मला वाटलं व्हतं डोंगर पडतो म्हणजे धडाम आवाज येत असंल. तसं काही झालं न्हाई. पातेल्यातलं पिठलं उतू जावं तशी माती सावकाश खाली आली, दगडं घेऊन. आधी वरचं वावर गेलं, मंग मधलं. राजम्याला लावलेल्या काठ्यांची टोकं तेवढी वर राह्यली. मी फावडं घेऊन मधी घुसलो. एका बाजूनं काढायचो, दुसऱ्या बाजूनं भरायचं. कंबरेपर्यंत रुतलो, तेव्हा मेव्हण्यानं काखेत हात घालून मला बाहेर वढलं. खालच्या वावराचा एक कोपरा वाचला, खाटेएवढा.

म्हातारी म्हणली, "रहने दे."

तिसऱ्या दिवशी पोरगा जीप घेऊन आला. जीप खाली सडकेवर थांबली. म्हातारीनं घराला कुलूप लावलं. तिची पेटी मी पाठीवर घेतली, कोणी सांगितलं न्हाई तरी. वाट सगळी चिखलात गेलेली. दहा पावलं चाललो न्हाई तर पाय सटकला अन् मी पेटीसकट खाली बसलो. आजवर मी पडलो की सगळे हसायचे. त्या दिवशी कोणी हसलं न्हाई.

म्हातारी मागून म्हणली, "उधर से चल. घास पे पाँव रख, गिरेगा नहीं."

कडंला गवताची एक चिंचोळी पट्टी राह्यली व्हती, वरून थेट सडकेपर्यंत. तिथली माती जागची हलली नव्हती. तिच्यावरून आम्ही उतरलो, पुढं मी, मागं ती, पेटीला हात लावून. जीप गेली. तिनं मागं वळून पाह्यलं का न्हाई, मला माहीत न्हाई. मी खाली पाहत व्हतो.

ती पट्टी माह्या हातून सुटली व्हती, कारण शेवटच्या दिवशी जेवण झाल्यावर मला आळस आल्ता. त्या डोंगरावर मी केलेलं तेवढंच काम बराबर निघालं.

आता माह्या रानात धसकटं तशीच असतात. बांधावर गवत, उतारावर पालापाचोळा, मी काडी उचलत न्हाई. पारावरचे लोक इचारतात, "काय हो, झाडू हरवला का?"

"म्हातारा झालो," मी म्हणतो, "आळस येतो."

ते हसतात. मीबी हसतो.