गुरुवारी तो रोह्याला जायचा

मला पहिल्यांदा सांगितलं ते एका एसटी कंडक्टरने. शाळा सुटल्यावर मी पेणच्या स्थानकात भाजी घेऊन उभा होतो. कंडक्टर आमच्याच खाडीकडच्या गावचा. चहा पिता पिता म्हणाला, "मास्तर, तुमच्या मेव्हण्याने रोह्याला नोकरी धरली काय?"

"नाही. का रे?"

"नाय, दर गुरुवारी दिसतो सकाळच्या गाडीला. म्हटलं, कंपनीत लागला असेल."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी पोचेपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

माझा मेव्हणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, आमच्या गावच्या कबड्डी संघाचा सगळ्यात मोठा खेळाडू. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. उंचीने बेताचा, पण पाय इतका लांब टाकायचा की समोरच्याला आपण बाद झालो हे पंचाचा हात वर गेल्यावर कळायचं. आदल्याच वर्षी जिल्ह्याच्या संघात त्याची निवड झाली होती. एरवी तो जोह्याला गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढायचा आणि घासकाम करायचा. मी पेणच्या शाळेत शिक्षक, वयाने थकलेला जुना खेळाडू, आणि संघाचा चिटणीस. खेळाडूंचे अर्ज भरणं, फोटो चिकटवणं, स्पर्धेला टेम्पो ठरवणं ही माझी कामं.

गुरुवारी तो कुठे जातो हे आम्हाला ठाऊक होतं, निदान तसं वाटत होतं. कारखान्याचं सामान आणायला पेणला जातो, असं त्यानेच सांगितलेलं. पेणला येऊन तो एकदाही आमच्या घरी डोकावला नव्हता, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

रोह्याचं नाव निघालं की आमच्या गावात माणसं गप्प होतात, त्याला कारण आहे. माझे सासरे त्यांच्या काळातले गावचे हुकमी चढाईपटू. मी त्यांना खेळताना पाहिलंय, त्यांच्याच हाताखाली शिकलोय. एका वर्षी रोह्याच्या एका कंपनीने त्यांना संघात घेतलं आणि नोकरी दिली. पहिले काही महिने ते शनिवारी घरी यायचे. मग महिन्याने यायला लागले. मग आलेच नाहीत. कोणी म्हणालं तिकडे दुसरं घर केलं, कोणी म्हणालं सुरतला गेले. माझी बायको तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि हा तीन वर्षांचा. सासूने मिठागरावर काम करून दोघांना वाढवलं. गावाने खेळाडू गमावला, तिने नवरा. गाव मात्र खेळाडूबद्दलच जास्त बोलायचं.

त्यामुळे मुलगा चांगला खेळायला लागल्यापासून लोक त्याच्याकडे जरा डोळे बारीक करूनच बघायचे. मी तसा बघत नव्हतो, असं मी समजत होतो.

कंडक्टरशी बोलणं झालं त्या रात्रीच्या जेवणाला मी बायकोला सहज विचारलं, "तुझा भाऊ रोह्याला कशाला जातो?"

ती पोळी लाटत होती. हात थांबला नाही. "मला काय ठाऊक. त्यालाच विचारा."

एवढं पटकन उत्तर आलं की मला वाटलं, ते आधीच तयार होतं.

त्यानंतर मला सगळीकडे काहीतरी दिसायला लागलं. सरावाला तो नवे बूट घालून आला. मैदानात असताना फोन वाजला की तो कडेला आंब्याखाली जाऊन बोलायचा आणि मी जवळ गेलो की, "ठेवतो, नंतर करतो" म्हणायचा. हंगामाच्या नोंदणीचा अर्ज मी सगळ्यांना दिला होता. एकदा आमच्या अर्जावर सही केली की त्या वर्षी खेळाडूला दुसऱ्या संघातून खेळता येत नाही. अकरा जणांनी दोन दिवसांत सह्या केल्या. त्याचा अर्ज तेवढा राहिला.

"देतो दाजी. घरी राहिला."

"आज आण."

"आज नाय, उद्या नक्की."

असे आठ-दहा उद्या गेले.

मग नागोठण्याला स्पर्धा झाली. उपांत्य सामना रोह्याच्या संघाशी. शेवटची दोन मिनिटं उरली असताना आम्ही एका गुणाने पुढे होतो. त्याने फक्त जपून एक चढाई करून परत यायचं होतं. तो गेला, डाव्या कोपऱ्याकडे झुकला, आणि तिथल्या पोरगेल्या खेळाडूने त्याचा घोटा धरला. मेव्हण्याचा घोटा असा कधी कोणाच्या हाती लागत नसे. सुटायला त्याने जोर केला, पण एकदाच. मी बाकावरून बघत होतो आणि मला वाटलं, याने पाय दिला.

बरोबरी झाली, आणि उरलेल्या वेळात आम्ही हरलो. मी सामान गोळा करत होतो, तेव्हा पाहिलं, तो कोपऱ्यातला पोरगा त्याच्याजवळ आला. पोराने त्याच्या खांद्यावरची माती झटकली आणि निघून गेला. विरोधी संघातला माणूस असं करत नाही. टेम्पोत पुढे बसलेल्या एका जुन्या खेळाडूने म्हटलं, "रक्त हाय शेवटी. जाणार तो." मेव्हण्याने ऐकलं असणार. तो बाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. सराव सुरू होता, सगळ्यांच्या पिशव्या देवळाच्या ओट्यावर होत्या. मी त्याची पिशवी उघडली. टॉवेल, गुडघ्याचा पट्टा, आणि एका प्लास्टिकच्या पाकिटात त्याचे दोन फोटो, शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर वरशातल्या एका इमारतीचा पत्ता. वरसे म्हणजे रोह्याला लागूनच. आमच्या अर्जाचा कागद सगळ्यात खाली होता, कोरा.

मी पत्ता पाठ केला आणि पिशवी होती तशी बांधून ठेवली.

पुढच्या गुरुवारी मी किरकोळ रजा टाकली. बायकोला सांगितलं, अलिबागला शाळेचं काम आहे. तो एसटीने जायचा, म्हणून मी रेल्वेने गेलो. रोह्याला उतरून रिक्षा केली. मनात एकच होतं, की तिथे संघाची माणसं बसलेली असतील आणि त्यांच्यासमोर त्याला पकडायचं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. तुझ्या आईला एकदा टाकून गेले, आता तू जा.

इमारत तीन मजल्यांची, नवीच. तळमजल्यावरचं दार उघडंच होतं. आत पलंगावर एक म्हातारा माणूस टेकवून बसवला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. माझा मेव्हणा त्याची दाढी करत होता. एका हाताने हनुवटी वर धरली होती आणि दुसऱ्या हातात वस्तरा. त्याने मान वळवली, मला पाहिलं, आणि म्हणाला, "थांबा दाजी. एवढी बाजू होऊ दे."

मी दारात उभा राहिलो. सासऱ्यांना मी ओळखलं ते पायांवरून. तोंडात ओळखण्यासारखं फार उरलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घशातून आवाज काढला. मेव्हणा म्हणाला, "ओळखलं त्यांनी तुम्हाला."

दाढी झाल्यावर त्याने त्यांचं तोंड पुसलं, त्यांना आडवं केलं आणि आम्ही बाहेर पायरीवर बसलो. सगळं त्याने सावकाश सांगितलं. सासरे सुरतला वगैरे कुठे गेले नव्हते. रोह्यातच होते. दुसरं घर केलं होतं ते खरं. ती बाई दोन वर्षांपूर्वी वारली. मग यांना अर्धांगाचा झटका आला. घरात एकटा मुलगा, वीस वर्षांचा, कंपनीत कंत्राटावर. त्याची गुरुवारची शिफ्ट दिवसाची, आणि सांभाळणारी बाई गुरुवारी येत नाही.

"तो मुलगा म्हणजे..."

"डावा कॉर्नर. ज्याने मला धरला."

एका स्पर्धेत सामना संपल्यावर तो पोरगा याच्याकडे येऊन म्हणाला होता, "आपले बाबा एकच हायत." बस, तिथून हे सुरू झालं.

"तुझ्या बहिणीला ठाऊक आहे?"

"ताई दोनदा येऊन गेली."

मला आठवलं, उन्हाळ्यात ती दोनदा माहेरी जाऊन येते म्हणाली होती.

मग मी ज्यासाठी गेलो होतो ते विचारलं. "आणि पिशवीतले कागद?"

पिशवी मी उघडली हे त्याला तिथेच कळलं. तरी त्याने ते बोलून दाखवलं नाही. म्हणाला, "बोलावलंय रोह्याच्या संघवाल्यांनी. कंपनीत घेतो म्हणतात, संघात पण. खोटं कशाला बोलू? माझं मन झालं होतं. कारखान्यात वर्षातले चार महिने हात रिकामे असतात. पण इकडून खेळलो तर लोक आयेला विचारणार, रोहाच का? मग सगळं बाहेर येणार. म्हणून तुमचा अर्ज पण राहिला आणि त्यांचा पण."

"नागोठण्याला पाय दिलास का?"

"आदल्या गुरुवारी तो शिफ्टवरून आल्यावर आम्ही दोघं इथे मागच्या मोकळ्या जागेत खेळलो होतो. त्याने विचारलं, तो पाय कसा टाकतोस. मी दाखवला." मग म्हणाला, "मुद्दाम नाय दिला. पण पकडल्यावर सुटायला जेवढा जोर लावतो तेवढा लावला की नाय, ते मला पण सांगता यायचं नाय."

या उत्तराने माझं समाधान झालं नाही. आजही झालेलं नाही. पण दुसरं काही विचारण्याचा अधिकार मला त्या पायरीवर उरला नव्हता.

त्याने मला एकच गोष्ट मागितली. आईला कळता कामा नये. मी कबूल केलं.

तीन दिवसांनी, रविवारी, मी गावात सरावाला गेलो आणि सवयीने सासूच्या घरी चहाला थांबलो. ती अंगणात सुकट निवडत होती. चहा दिला, समोर बसली, आणि खाली मान घालून म्हणाली, "रोह्याला जाऊन आलात ना?"

मी कप खाली ठेवला.

"कसा हाय तो?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगतंय. दोन दिवस पोरगा विचारतोय, दाजी येऊन गेले काय. गुरुवारी पोरगा डबा दोन माणसांचा नेतो. पयल्यांदा वाटलं पोरगी असेल. मग एकदा म्हणाला, आये, भाकरी पातळ कर, चावायला सोपी." तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "पातळ भाकरी कोणाला लागायची ते मला नाय ठाऊक?"

मी सांगितलं. झटका, हात, तोंड, दुसऱ्या बाईचं जाणं, तो मुलगा. मुलाचं ऐकताना तिने पहिल्यांदा वर बघितलं. "तो जेवतो कुठे?" तिने विचारलं. मला ते माहीत नव्हतं.

निघताना ती म्हणाली, "पोराला सांगा, माझ्यापायी अडून राहू नको. जायचं तर जा. आणि तुम्ही त्याच्या मागावर फिरू नका. गावात तेवढी माणसं हायत त्या कामाला."

मी निरोप पोचवला, शब्दाला शब्द. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो पेणला शाळेत आला. मधल्या सुट्टीत, मुलांच्या गलक्यात, त्याने माझ्या टेबलावर अर्ज ठेवला. अर्ज आमच्या संघाचा होता, सही केलेला.

"नक्की?" मी विचारलं.

"या वर्षी नक्की," तो म्हणाला.

मी बाकी काही न विचारता शिक्का मारला. पण 'या वर्षी' हे दोन शब्द मला ऐकू आले होते.

घरी मात्र ते एवढ्यात मिटलं नाही. पिशवीची गोष्ट त्याने बहिणीला सांगितली होती की तिने ओळखली, मला कळलं नाही. तिने एकदाच विचारलं, "तुम्ही त्याचं सामान उघडलंत?" मी हो म्हणालो. "आणि अलिबागला गेलो म्हणून मला सांगितलंत." मी म्हणालो, "तूही मला सांगितलं नव्हतंस." ती म्हणाली, "मी लपवलं. तुम्ही पाळत ठेवली." त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी घरातल्या कामापुरतंच बोलली. मी वाद घातला नाही. तिचं चूक होतं असं मला म्हणता येत नव्हतं.

सासरे माघात गेले. सासू वरशाला गेली नाही, पण तेराव्यापर्यंत रोज एक डबा तिकडे जात होता, तो त्या मुलासाठी. आमचा संघ त्या वर्षी जिल्ह्याच्या उपांत्यपूर्व फेरीत हरला. मेव्हणा जीव तोडून खेळला, हे मी चिटणीस म्हणून लिहून ठेवलंय आणि ते खरं आहे.

यंदा भाऊबीजेला माझ्या बायकोने दोघा भावांना पेणला बोलावलं, सासूही आली. दोघं शेजारी पाटावर बसले, तिने ओवाळलं. मांडी घालायची ढब दोघांची सारखी. जेवताना तो धाकटा हसत हसत मला म्हणाला, "दाजी, पुढच्या हंगामाला पाठवा की याला आमच्याकडे. एका बाजूने तरी खेळू."

बायको हसली. सासूही हसली. मी मेव्हण्याकडे पाहिलं. तो ताटातला भात कालवत होता. हसला नाही, नाही म्हणाला नाही. नुसतं म्हणाला, "ताई, आमटी वाढ गो."