यादीतलं तेरावं नाव

माझी नणंद नर्मदा हिला पंचवीस पुरी व्हायला अकरा महिने उरले होते, तेव्हा तिने नर्सच्या शिक्षणासाठी तीन ठिकाणी अर्ज केले. वयाची अट पंचविसाच्या आतली होती आणि प्रवेश वर्षातून एकदाच, जूनमध्ये. म्हणजे जे काय व्हायचं ते पुढल्या जूनपर्यंत व्हायला हवं होतं. ही सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट.

वयाने ती माझ्याहून पाच महिन्यांनी लहान, म्हणून मी तिला नावानेच हाक मारायची आणि ती मला वैनी म्हणायची. सतराव्या वर्षी तिला जामसंड्याला दिली होती. नवरा गलबतावर खलाशी. दुसऱ्या वर्षी मंगळूरच्या वाटेवर तापाने गेला. गलबत परत आलं तेव्हा तांडेलाने, म्हणजे गलबताच्या मुख्याने, त्याची वळकटी तेवढी घरी आणून दिली. सासरच्यांनी सहा-सात महिने ठेवून घेतलं. मग भाऊबीजेला म्हणून ती देवलीला माहेरी आली आणि तिला परत न्यायला कोणी आलंच नाही. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा ती पडवीत भात पाखडत होती. पहिल्या दिवशी तिने मला विहिरीची पायरी कुठे निसरडी आहे ते दाखवलं.

नर्सचं तिच्या डोक्यात आलं ते माझ्या पहिल्या बाळंतपणात. मूल पायाळू. दुपार झाली तरी सुटका होईना आणि वाडीतल्या सुईणीने हात टेकले. माझे यजमान खाडीत पडाव चालवतात. नारळ, कौलं, वाळू असं काहीबाही वाहून नेतात. त्यांना कोणीतरी सांगितलं की मालवणच्या सरकारी नर्सबाई यशोदाबाई आज चौक्याला आल्या आहेत. ते धावत जाऊन त्यांना घेऊन आले. यशोदाबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि नर्मदेला तेवढी आत ठेवली. मला त्या दुपारचं फारसं आठवत नाही. पण मुलगा रडल्यावर यशोदाबाई हात धुताना नर्मदेला म्हणाल्या ते मी ऐकलं.

"तुझे हात घाबरत नाहीत. सातवी झालीस ना? मग इथे काय करतेस?"

त्यानंतर वाडीत कोणी अडली की सुईणीबरोबर नर्मदा जायला लागली. आणि दोन वर्षांनी यशोदाबाईंनीच अर्जाचे कागद आणून दिले. मुंबई, कोल्हापूर आणि जिल्ह्याचं गाव रत्नागिरी. शिक्षण दोन वर्षांचं, राहायची सोय, वर विद्यावेतन.

सासूबाई आनंदीबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. विधवा मुलीने परक्या माणसांची घाण काढायची, यापेक्षा विहीर काय वाईट, असं त्या शेजारणीला सांगत. यजमान एवढंच म्हणाले की आपण आहोत तोवर ठीक, पुढे तिचं कोण बघणार? आणि खोटं कशाला बोलू, मलाही ती जायला हवी होती. तिचं भलं व्हावं हे खरं. पण एका चुलीपुढे दोघी, आणि तिला माझ्यापेक्षा सगळंच लवकर समजायचं, हेही खरं.

मग दाखले गोळा करणं सुरू झालं. शाळेचा दाखला, मालवणच्या कचेरीतून जन्मतारखेचा उतारा, पोलीस पाटलाचं वर्तणुकीचं पत्र, फोटो. अर्जात विवाहित आणि अविवाहित असे दोनच शब्द छापलेले होते, त्यांतला एक खोडायचा. तिने दोन्ही खोडले आणि वर बारीक अक्षरात ‘विधवा’ लिहिलं.

टपाल आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं. पोस्टमन बाबली शेताच्या मेरेवरून, बांधाबांधाने येताना लांबूनच दिसे. त्या दोन दिवशी नर्मदा हातातलं काम टाकून अंगणाच्या कडेला उभी राही. पहिला महिनाभर बाबली लांबून ओरडून सांगायचा, "नाय गो." पुढे तो नुसतीच मान हलवू लागला. आणि मग एका शुक्रवारी मी पाहिलं, तो आमच्या घरापुढची वाट सोडून मागच्या काजूतून गेला. तिचं तोंड बघायला नको म्हणून.

मुंबईचं उत्तर जानेवारीत आलं. मॅट्रिक पास उमेदवारच घेणार होते. कोल्हापूरहून काहीच नाही. रत्नागिरीने मात्र मार्चमध्ये मुलाखतीला बोलावलं.

यजमान तिला घेऊन गेले. जागा बारा आणि मुली त्रेसष्ट. बाहेरच्या बाकावर कट्ट्याची एक मुलगी तिच्या शेजारी बसली होती, तुळसा नावाची, अठरा वर्षांची. तिने घावणे आणले होते, ते दोघींनी वाटून खाल्ले. आत नर्मदेला विचारलं की मुलाची नाळ कापायची कात्री किती वेळ उकळायची. तिने सांगितलं. मग विचारलं, वय काय? तेही तिने सांगितलं. तेव्हा टेबलामागच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, असं ती म्हणाली. ते पाहणं कशाचं होतं याचा विचार ती पुढे दोन महिने करत होती. भाजी चिरता चिरता थांबून मला विचारायची, "तुका काय वाटता, वैनी?" मला काय वाटणार?

मेच्या पहिल्या आठवड्यात कागद आला. आपले नाव प्रतीक्षायादीत प्रथम क्रमांकावर आहे. निवड झालेली उमेदवार तीस जूनपर्यंत हजर न राहिल्यास आपणांस कळविण्यात येईल.

यजमानांना वाटलं, पहिला क्रमांक म्हणजे झालंच. ते गूळ आणायला निघाले होते. तिने त्यांना थांबवलं आणि समजावून सांगितलं की बारा जणी झाल्यावर ती तेरावी.

बारावी कोण हे यशोदाबाईंकडून कळलं. कट्ट्याची तुळसा. आणि यशोदाबाईंनी आणखी एक सांगितलं, की तुळसाचे वडील गंगाराम, कट्ट्याला दुकान असलेले, मुलीला पाठवायला राजी नाहीत. मुंबईच्या नोकरीवाल्या मुलाचं स्थळ आलं आहे. लग्न ठरलं तर जागा सुटेल. यशोदाबाईंनी हे चांगल्या मनाने सांगितलं, पण त्यापेक्षा त्या काही बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून नर्मदेची झोप गेली. एके सकाळी ती कौल लावायला देवळात गेली. आमच्याकडे देवाला विचारायचं म्हणजे गुरव पाषाणाला फुलं चिकटवतो, आणि उजवीकडचं फूल पडलं तर देवाची हो. गुरवाने विचारलं, काय गाऱ्हाणं घालू? तिला ते तोंडाने सांगता येईना. एका मुलीचं शिक्षण मोडू दे, असं कसं सांगणार? ती नारळ तसाच घेऊन परत आली.

"वैनी," ती मला म्हणाली, "मी देवाकडे काय मागतंय, ता तुका सांगूक माका लाज वाटता."

मी म्हटलं, मग आपण कट्ट्याला जाऊन बघून येऊ. आगोटीचं सामान, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने पुरेल असं मीठ-मिरची, भरायचंच होतं. चौक्यापर्यंत चाललो आणि तिथून एस्टी. मनात काय होतं ते आम्ही दोघी वाटेत एकमेकींना बोललो नाही.

गंगारामच्या दुकानात शिरलो तर तुळसाने तिला लगेच ओळखलं. ताई, ताई करत हात धरून आत नेलं, कोकम सरबत दिलं. बारीक अंगाची, हसरी मुलगी, आमच्या भाषेत चेडू. नर्मदेचं काय झालं, हे तिने विचारलंच नाही. इतक्या हुशार बाईची निवड झालीच असणार असं धरून ती बोलत होती, आपण दोघी एका खोलीत राहू म्हणाली. मग गंगारामही आत आले आणि चौकटीला टेकून उभे राहिले. भला माणूस. चिडलेले नव्हते, नुसते गोंधळलेले.

"हिका मुंबयचा एक बरा स्थळ इला आसा," ते नर्मदेला म्हणाले. "रगात बघल्यार हिका भोवळ येता. तूच सांग काय ता. तुझा ती आयकतली."

तुळसा म्हणाली, "ताई, मी जाव काय?"

मी नर्मदेच्या बाजूला बसले होते. बाहेर दुकानात कोणीतरी साबण मागत होतं. तिने तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, आता म्हणेल. मी मनातल्या मनात तो शब्द तिच्या तोंडात घालत होते.

"जा," ती म्हणाली. "रगताची सवय होता. जा तू."

गंगारामांनी मान डोलावली. मग त्यांनी आमच्या मिरच्या स्वतः निवडून बांधून दिल्या.

चौक्याला एस्टीतून उतरल्यावर ती रस्त्याच्या कडेला खाली बसली. माझा राग मावत नव्हता. इतक्या लांब येऊन हेच सांगायचं होतं तर आलो कशाला, असं मी तिला विचारलं.

"नको सांगूचा म्हणानच तोंड उघडलंय, वैनी. पण ता चेडू माझ्याकडे बघत होता."

त्यानंतर आम्ही सामान उचललं आणि घरी आलो.

तुळसा गेली. तीस जूनही गेला. नर्मदेला हे सगळं माहीत होतं, तरी ती जुलैभर मंगळवारी आणि शुक्रवारी अंगणाच्या कडेला इरलं घेऊन उभी राहायची. खाडीचं पाणी शेतात चढलं की बाबली आठ-आठ दिवस यायचा नाही. तेव्हाही ती उभी राहायची. सासूबाई एकदा रागाने तिला आत ओढायला गेल्या आणि तिच्या शेजारीच पावसात उभ्या राहिल्या. त्यानंतर त्यांनी तिला टाकून बोलणं सोडून दिलं.

ऑगस्टात कोल्हापूरचा कागद आला. जागा भरल्या गेल्या आहेत. ऑक्टोबरात तिला पंचवीस पुरी झाली.

दिवाळीच्या आसपास यशोदाबाई आल्या होत्या. त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. तुळसा सप्टेंबरात शिक्षण सोडून घरी आली. भोवळ थांबेना. मार्गशीर्षात लग्न. नर्मदेने विचारलं, मग जागा? यशोदाबाई म्हणाल्या, पहिल्या महिन्यानंतर जागा भरत नाहीत, नियम तसा आहे. तिची तिथली खाट आता पुढच्या जूनपर्यंत रिकामी राहील. आणि पुढच्या जूनला तुझं वय बसत नाही. मोठ्या कचेरीत लिहून पाहू, असंही त्या म्हणाल्या आणि त्यांनी खरंच लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

नर्मदा रडली नाही. तिने फक्त बाळंतपणांना जाणं बंद केलं. कोणी बोलवायला आलं की म्हणायची, "माका कोणी शिकवलेला नाय. माका बोलवू नकात." दिवसाचं सगळं काम करायची. जेवायची, पण तिच्या पुढ्यात ठेवलं तर. पूर्वी ती जुनं वर्तमानपत्र मिळालं तरी वाचायची. आता सामानाची पुडी सोडून कागद तसाच चुलीत घालायची.

साठ साली माझं दुसरं बाळंतपण आलं. यशोदाबाईंची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी अजून कोणी आलं नव्हतं. सुईण म्हातारी झालेली, हात थरथरायचे. मी नर्मदेला हाका मारल्या. ती दाराबाहेर पडवीत बसून होती. मला तिचा पदर दिसत होता. ती उठली नाही. मुलगी झाली. दोन दिवस जगली.

तिच्यामुळे असं कोणी म्हटलं नाही. मी लोकांना सांगत राहिले की मूलच कमजोर होतं. तेही खरं असेल. पण सहा महिने मी तिच्याशी कामापुरतंच बोलले, आणि ते कशामुळे हे तिला ठाऊक होतं. एक दिवस विहिरीवर तिने माझी कळशी ओढून घेतली आणि भरून माझ्या कमरेवर ठेवली. "वैनी, तेव्हा माझे पायच उठाक नाय," ती म्हणाली. मी कळशी सावरत घराकडे वळले.

सासूबाई गेल्यावर, पासष्ट साली, कट्ट्याला दवाखाना निघाला तिथे तिला आयाचं काम मिळालं. तिथेच एका खोलीत राहते. तुळसा आता मुंबईला असते, दोन मुलं आहेत, मे महिन्यात माहेरी येते. एकदा मुलाला दाखवायला दवाखान्यात आली आणि नर्मदेला पाहून तिला फार आनंद झाला. हसत म्हणाली, "ताई, तुमचा आयकलंय आणि तीन म्हयने फुकट घालवलंय बघा." यादीतलं तेरावं नाव कोणाचं होतं, हे तिला कधी कोणी सांगितलं नाही. नर्मदेनेही सांगितलं नाही. मुलाचं अंग तापलं होतं, त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायला ती उठली.

दवाखान्यातल्या नर्सबाई तेवीस वर्षांच्या आहेत. चांगल्या आहेत, पण अजून लहानच. बाळंतीण आली की नर्मदा पाणी तापवते, कात्री उकळते, फडकी घडी करून ठेवते आणि दाराबाहेर येऊन उभी राहते. बोलावलं तरच आत जाते.