शेवटच्या बाकाचं लग्न

सुरतेत नवागामला आमची मराठी शाळा. फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ असायचा. भाषणं व्हायची, शिकवणाऱ्या बेन लोकांचे डोळे पाणावायचे, समोसे वाटले जायचे. पण सगळी शाळा वाट बघायची ती बाकाच्या लग्नाची.

आमच्याकडे रीतच होती. जाणारी दहावी आपला शेवटचा बाक नववीच्या हवाली करायची. नुसता नाही द्यायचा, लग्न लावून द्यायचा. नवरदेव बाक. नवरी म्हणजे नववीचा मॉनिटर. मॉनिटर मुलगा असला तर त्याच्याच डोक्यावर ओढणी.

मी दहावीत होते त्या वर्षी मॉनिटर मुलगी होती. बाप लूमच्या खात्यावर, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, पाळीला, आई घरी साड्यांवर खडे चिकटवणारी. शाळा सुटली की पोरगीही तेच करायची. केसांत कायम चमकी असायची, म्हणून पोरं तिला 'दिवाळी' म्हणायची. तीही कमी नव्हती. "दिवाळीला सुट्टी असते, तुझ्या डोक्याला बारा महिने आहे," असं एकाला तिनं भर वर्गात ऐकवलं होतं. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या घरातली एकही मुलगी नववीच्या पुढे गेली नव्हती. मला पाण्याच्या टाकीपाशी भेटली की तिचं एकच असायचं, "ताई, मला दहावीत बसू देतील ना?"

"न द्यायला काय झालं?" मी म्हणायचे.

लग्न दणक्यात लागलं. नवरदेवाचा एक पाय तुटका, खाली वीट लावलेली. वरती क्रेप कागदाच्या मुंडावळ्या. अंतरपाट म्हणजे मोठ्या सरांच्या टेबलावरचं हिरवं कापड, ते आमच्या वर्गातल्या दोन उंच पोरांनी धरलेलं. अक्षता खडूच्या तुकड्यांच्या. मंगलाष्टक आमचंच:

"पाय मोडका, पाठ कोरली, तरी खानदान थोर,
याच्यावरती बसून झोपले कैक हुशार पोर...
शुभमंगल, कॉपी सावधान!"

मग आहेर. "ही खिडकीची सैल सळई, आमच्या वाडवडिलांपासून चालत आलीय, हिला घट्ट करू नका." "हा गणिताच्या सरांचा राग. आम्हाला पुरून उरला, आता तुम्ही वापरा." गणिताचे सरही हसले. नवरी तर इतकी हसली की तिला ठसका लागला.

नववीतल्या कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं आणि शेवटचा तुकडा स्टेटसला टाकला. चेहरे दिसावेत म्हणून कॅमेरा वर धरलेला. त्यामुळे खालचा बाक दिसतच नाही. दिसतं काय, तर अंतरपाट खाली येतो, समोर कापड धरणाऱ्यांतला एक उंच पोरगा, इकडे ओढणीतली ती, आणि दोघांवर अक्षता.

संध्याकाळपर्यंत तो तुकडा खात्यावर पोचला. यंत्रांच्या खडखडाटात माणसं एकमेकांना मोबाइल दाखवत होती. तिच्या बापाला विचारलं गेलं, "काय हो पाव्हनं, जावई परस्पर केला? पेढे तरी द्या!"

दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद.

मी मोठ्या सरांकडे गेले. म्हटलं, तुम्ही घरी जाऊन सांगा, तुमचा शब्द ऐकतील. सर म्हणाले, "शाळेबाहेरचं प्रकरण आहे, बेटा." कार्यक्रम शाळेत, मुलगी शाळेची, कापड त्यांच्या टेबलावरचं. प्रकरण मात्र बाहेरचं!

मग मीच गेले, पूर्ण शूटिंग घेऊन. एकच खोली. ती भिंतीला टेकून खडे चिकटवत बसली होती. बाप पाळीवरून नुकताच आलेला. मी त्याच्यासमोर मोबाइल धरला. त्यानं सगळं पाहिलं. वीट लावलेला नवरदेव पाहिला, आणि खळखळून हसला. खरंच हसला. मला वाटलं, जिंकलो.

डोळे पुसून तो म्हणाला, "माले समजनं, पोरी. पन मी कोनकोनले दखाडू?"

कोपऱ्यात तिचा काका बसला होता. तो म्हणाला, "हसून झालं ना? स्थळ गावाकडं कधीचं बघून ठेवलंय. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, बार उडवून टाकू."

कधीचं! म्हणजे शूटिंगच्याही आधी. लोक म्हणतात, पोरांच्या थिल्लरपणानं मुलीचं वाटोळं झालं. खोटं आहे. बाक आला नसता तर दुसरं काही आलं असतं. एखादा मिस्ड कॉल, एखादा उशीर. ज्यांना मुलगी घरातून काढायची असते त्यांना निमित्त लागतं, आणि ते हसण्यातही सापडतं.

"अजून पंधराची पण नाही ती, गुन्हा आहे हा," मी म्हटलं.

"तू वकील हे का?" काका म्हणाला.

तिनं मान वर केली नाही. खडा चिमट्यात धरून विचारलं, "ताई, दहावीत गणिताला नवीन काय असतं?"

"त्रिकोणमिती."

"म्हणजे काय?"

माळ्यावर जायची शिडी भिंतीला लावलेली होती. मी तीच दाखवली. ही शिडी, ही भिंत, ही फरशी. इथला कोन आणि शिडीची लांबी कळली की माळा किती उंच ते न चढता काढता येतं. तिनं शिडीकडे पाहिलं, मग म्हणाली, "मग झाडाची उंची पण काढता येईल." काकानं शिडी उचलून बाहेर नेऊन ठेवली.

होळीआधी तिला गावी नेलं. मी मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "गाव कोणतं?" मला माहीत नव्हतं. वस्तीत कुणी सांगेना. शाळेत होतं, तिच्या दाखल्यावर. मी पुन्हा मोठ्या सरांकडे.

"खासगी माहिती आहे, देता येत नाही," सर म्हणाले. "तू बोर्डाच्या परीक्षेकडे लक्ष दे."

"मला नका देऊ. तुम्हीच फोन करा."

त्यांनी घंटा वाजवून शिपायाला बोलावलं आणि मला बाहेर काढायला सांगितलं. आखाजी येऊन गेली.

पुढच्या वर्षी सरांनी बाकाचं लग्न बंद केलं. कारण फळ्यावर लिहिलं होतं: मुलींची सुरक्षा. ते त्यांना जमलं. खरं लग्न थांबवायला एका गावाचं नाव सांगायचं होतं, ते जमलं नाही.