शेवटचा बाण

होडीचं गणित शिकवून झालं, की फळा पुसताना मामा एक बाण शिल्लक ठेवायचे. आकडे, सूत्रं, माझं दुहेरी रेघ मारलेलं उत्तर, सगळं डस्टरखाली जायचं. पाण्याची दिशा दाखवणारा बाण तेवढा राहायचा. "हा का ठेवलात?" असं विचारलं, तर म्हणायचे, "पाणी कुठं थांबतंय, सर?"

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. अंधेरीतल्या एका ज्युनियर कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो आणि मामा तिथल्या प्रयोगशाळेचे परिचर होते. वर्सोव्याचे कोळी. असे एखादे मामा तुम्हीही पाहिले असतील. नोटीसबोर्डावर त्यांचं नाव कधी येत नाही, आणि प्रयोग अडला की सगळे त्यांच्याकडेच धावतात.

मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. महिनाअखेरीला प्राचार्य माझ्या तासाला मागच्या बाकावर बसणार आणि त्यावरून मला ठेवायचं की नाही ते सांगणार, असं ठरलं होतं. धडा नेमका सापेक्ष वेगाचा आला. गणित मला सुटत होतं, समजावता येत नव्हतं.

"सर, समोरच्या काठाला जायचं तर होडीचं नाक तिरकं का धरायचं?" एका मुलीनं विचारलं.

"सूत्र तसं सांगतं," मी म्हणालो.

कपाटापाशी भिंगं पुसत बसलेले मामा खोकले. तो खोकला सर्दीचा नव्हता.

तास संपल्यावर जवळ आले. "सर, तुम्ही होडीत कधी बसलात?"

"मी मुलुंडचा," मी म्हणालो. हे उत्तर होतं असं मला तेव्हा वाटलं.

रविवारी त्यांनी मला वर्सोव्याला बोलावून भावाच्या होडीत बसवलं. समोर, खाडीपलीकडे, मढ गाव. "वल्हं मी मारतो. दिशा तुम्ही सांगा." ओहोटी जोरात होती, पण मला पुस्तक तोंडपाठ होतं. कमीत कमी वेळात पलीकडे जायचं, तर नाक सरळ समोर.

"सरळ," मी फर्मावलं.

मामांनी मुकाट्यानं सरळ मारलं. मढचा धक्का हळूहळू उजवीकडे सरकायला लागला. मी घाबरून मामांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा आज्ञाधारक. शेवटी आम्ही लागलो ते धक्क्यापासून चांगलंच लांब, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखाली, गुडघाभर चिखलात. तिथल्या बायका हसायला लागल्या.

"वेळ कमीत कमी लागला, सर," मामा म्हणाले. "गणित बरोबर आहे तुमचं. गाव तेवढं चुकलं."

मामांची बहीण मढला असायची. तिच्याकडे जेवलो, गप्पा मारल्या. परतताना मी शहाणा झालो होतो. मघाशी पाण्यानं समुद्राकडे ओढलं, म्हणजे आता नाक खाडीच्या आतल्या बाजूला. तसं सांगितलं. मामांनी भुवई वर केली, पण ऐकलं. जेवणाच्या नादात ओहोटी संपून भरती लागली होती, हे माझ्या गावीही नव्हतं. पाणी आत चाललं होतं आणि आम्ही त्याच्याही पुढे. थेट काठच्या तिवरांच्या झाडीत शिरलो. माझी एक चप्पल अजून तिथंच आहे.

"पाणी कुठं जातंय ते आधी बघायचं, सर," तिवराच्या मुळांतून होडी सोडवत मामा म्हणाले. "पुस्तकातलं एकदा सांगितलं की त्याच बाजूला जातं. आमचं दिवसातून चारदा वळतं."

तपासणीच्या दिवशी मामांनी टेबलावर जुन्या शिडाचं कापड पसरलं. ती आमची नदी. त्यावर चावीची छोटी मोटार, ती होडी. मामा कापड डावीकडे ओढायचे, मी मोटार सोडायचो. नाक सरळ ठेवलं तर ती डावीकडे वाहत गेली. नाक उजवीकडे वळवलं, तर बरोबर समोरच्या खुणेवर पोचली. मुलं उठून बघायला लागली. मागच्या बाकावर प्राचार्यही मान लांब करून बघत होते. मी खुशीत तिसऱ्यांदा चावी दिली.

तेवढ्यात मामा टेबलाला वळसा घालून शांतपणे दुसऱ्या टोकाला गेले आणि कापड उजवीकडे ओढलं. मोटार टेबलावरून सुटली ती पहिल्या बाकावरच्या मुलीच्या मांडीवर. वर्ग हसला. प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं. माझी नोकरी मला खरोखर जाताना दिसली.

मग तिवरं आठवली.

"भरती लागली," मी म्हणालो. फळ्यावरचा बाण पुसून उलटा काढला आणि मोटारीचं नाक डावीकडे वळवलं. ती सरळ खुणेवर गेली.

"कळलं, सर," ती मुलगी म्हणाली. "पाणी जेवढं नेतं, तेवढं आपण उलटं धरायचं." प्राचार्यांनी काहीतरी लिहिलं आणि टोपण लावलं.

तास संपल्यावर मी मामांना गाठलं. "मुद्दाम केलंत ना?"

"मी कशाला? पाण्याची वेळ झाली होती."

"आणि मला काढलं असतं तर?"

"तर आमच्या होडीवर घेतलं असतं," मामा म्हणाले. "दिशा सांगायला नाही, हां."

मी कायम झालो. पत्र मामांनीच आणून टेबलावर ठेवलं आणि मी ते वाचेपर्यंत उगाच भिंगं पुसत उभे राहिले.

काही वर्षांनी मामा निवृत्त झाले. त्यांच्या शेवटच्या दिवशी मी हट्टानं होडीचंच गणित घेतलं. संध्याकाळी त्यांनी फळा पुसला, बाण ठेवला, डस्टर खिडकीबाहेर झटकला आणि चाव्या माझ्या हातात दिल्या. मला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "येत जा, मामा."

"भरती बघून," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कुलूप मीच उघडलं. फळ्यावर बाण होता. फक्त काल मी डावीकडे काढलेला बाण आता उजवीकडे बघत होता. जुनं टोक बोटानं पुसलेलं, नवं जरा वाकडं. माझी पाठ फिरलेली असताना कधीतरी केलं असणार. मला हसू आलं आणि डोळेही भरले. नवा परिचर डस्टर घेऊन पुढे झाला. मी त्याला हातानं थांबवलं.

मुलं येऊन बसली. त्यांच्या वह्यांतली कालची सगळी उत्तरं आता चुकली होती. मी खडू उचलला.

"पुन्हा सोडवू या," मी म्हणालो. "पाणी वळलंय."