खोली माझ्यासाठी, चौकशी आई-वडलांची

मैत्रिणींनो, अजून डोकं तापलेलंच आहे.

परळीत महिनाभराच्या ट्रेनिंगला आलेय. आज दुपारी स्टेशनजवळ एक खोली बघितली. तिथं आधीच एक मुलगी राहते, तिच्यासोबत राहायचं होतं. खोली हवेशीर, मुलगीही छान. मी बॅग खाली ठेवलीसुद्धा.

तेवढ्यात घरमालकीण काकूंनी विचारलं, "आई-वडील काय करतात गं?"

"ऊस तोडायला जातात."

"मग न्हाई जमायचं. तसली माणसं भेटायला येणार, अंगणात बसणार. हितं चांगल्या घरच्या पोरी राहतात."

"काकू, माझं घर वाईट कावून?" माझा आवाज चढला.

तेवढ्यात खोलीतली मुलगी दारात आली. म्हणाली, "काकू, माझे आई-बाप बी तोडीलाच हायेत. शेती करतात म्हणून तुमाला खोटं सांगितलं मी." आणि तिनं कपडे आवरायला घेतले. आम्ही दोघी बाहेर पडलो.

काकूंपेक्षा जास्त राग कशाचा आलाय, सांगू? वाटेत तिनंच सांगितलं, आईचा फोन आला की काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून ही पोरगी गच्चीवर जाऊन हळू आवाजात बोलायची.

आम्हा दोघींना खोली देईल असं परळीत कुणी हाय का? आमचे आई-वडील भेटायला येणार, हे आधीच सांगून ठेवते.