सराव आहे, हे मी सांगितलं नाही

चूक माझी होती. चौकशीत तसं कोणी लिहिलं नाही, म्हणून इथे आधीच लिहितो.

नौदलातून कमांडर म्हणून निवृत्त झालो आणि भोपाळला, गोविंदपुऱ्याजवळच्या एका वसाहतीत, नागरी संरक्षण पथकाचा प्रमुख झालो. जहाजावर सरावाचा एक नियम असतो. आगीची घोषणा करण्याआधी स्पीकरवर तीनदा म्हणायचं : फॉर एक्सरसाइझ, फॉर एक्सरसाइझ, फॉर एक्सरसाइझ. हे शब्द नसले, तर आग खरी. नोकरीत हा नियम कोणी मोडलेला मी पाहिला नाही. जमिनीवर आल्यावर मी तो मोडला.

आमचे सराव फसत होते. स्ट्रेचरवरच्या बायका हसायच्या, मुलं मोबाइलवर शूटिंग करायची. आमचे वॉर्डन सोनवणे, कारखान्यातले निवृत्त फिटर, मला म्हणाले होते, "साहेब, पब्लिकला ही पिकनिक वाटते. समोसे ठेवा, सगळे टाइमावर येतील." मी हसलो नाही. पुढच्या वेळी कोणालाच सांगायचं नाही, वॉर्डनलासुद्धा नाही, असं ठरवलं. माहीत होतं ते मला आणि वायरलेस ऑपरेटरला.

सकाळी भोंगा वाजवला. कोल्ड स्टोरेजमधून अमोनिया सुटला आहे, घरं रिकामी करा, असं मी स्पीकरवर सांगितलं. आमचा कंट्रोल एका गच्चीवर होता. तिथून सगळं दिसत होतं.

कोणी हसलं नाही. म्हाताऱ्या बायका पदर नळाखाली भिजवून तोंडाला बांधत होत्या. हे आम्ही त्यांना शिकवलं नव्हतं. एका आजोबांनी आधी झाडाच्या पानांकडे पाहिलं, वारा कुठून येतो ते बघितलं, मग धावले. या शहराने गॅसची ती रात्र पाहिली आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मी घड्याळात वेळ मोजत उभा होतो. लोक भराभर निघताहेत म्हणून खूशही झालो होतो.

मग वायरलेसवर सोनवण्यांचा आवाज आला.

"वॉर्डन चार टू कंट्रोल. वरच्या मजल्यावर मिश्राजींच्या अम्मा आहेत. चालता येत नाही. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"स्ट्रेचर दुसऱ्या ब्लॉकला आहे. ओव्हर."

नुसती खरखर. मग अगदी हळू, "साहेब, सचमुच गॅस सुटलाय का?"

गॅसच्या त्या रात्रीपासून सोनवण्यांची फुफ्फुसं अधू होती. जिना चढताना ते मध्ये थांबायचे. त्यांच्या आवाजातली भीती मला स्पष्ट ऐकू आली. ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता.

"ऑर्डर पाळा. ओव्हर," मी म्हणालो.

सोनवणे अम्मांना पाठीवर घेऊन तीन मजले उतरले. मैदानात त्यांना नीट बसवलं आणि शेजारीच कोसळले. मी पोचलो तेव्हा ओला गमछा तोंडावर तसाच होता. मी तो सोडला. अम्मा मला विचारत होत्या, "ये उठता क्यों नहीं?"

डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. मी घाबरलो. बाकीच्या वॉर्डनना म्हणालो, चौकशीत विचारलं तर हा सराव आहे याची तुम्हाला आधी कल्पना होती असं सांगा, नाहीतर पथक बंद पडेल. ते माझ्या शब्दाखातर तसं बोलले. शोकसभेत मी कर्तव्यावर भाषण केलं.

बऱ्याच महिन्यांनी भोपाळमधल्याच शिवाजी नगरला, त्यांच्या मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये, सोनवणेवहिनींना भेटायला गेलो. चहाचा कप पुढे करत त्या म्हणाल्या, "मला त्यांचा रागच येतो हो. ड्रिल आहे हे माहीत असून कोणी असा जीव देतं? एवढी साधी अक्कल नको माणसाला?"

मी कप खाली ठेवून उभा राहिलो.

"वहिनी, त्यांना माहीत नव्हतं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि नंतर सगळ्यांना खोटं बोलायला लावलं. गॅस खरा आहे का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. गॅस खरा आहे असं समजून ते अम्मांसाठी वर गेले. अक्कल माझी गेली होती, त्यांची नाही. मला माफ करा."